मागचा पत्रा

"झोपवतो हं एक बाजू," असं म्हणून भूपालअण्णांनी वरच्या स्विचच्या विजेच्या वायरीला हात घातला, आणि मी त्यांचं मनगट धरलं.

मनगट धरणं जरा जास्तच झालं, हे मला तेव्हाच कळलं. ते अठ्ठावन्न वर्षांचे, मी सत्तावीसची. पण त्या काचेच्या कपाटातले सहा डबे, म्हणजे साठवणीचे संगणक, नुकते चालू झाले होते आणि रुग्णालयाचे नऊ वर्षांचे सगळे स्कॅन त्यांच्यात भरून दोन दिवसही झाले नव्हते. चालतं यंत्र आपल्या हातानं बंद पाडायचं म्हणजे काय, असं मी त्यांना विचारलं.

अण्णा रागावले नाहीत. "मॅडम, आत्ता मी हाय, तुमी हाय, दिवसाउजेडी हाय. बघायचं ते आत्ताच बघून घ्यायचं. फुडं कवा एक बाजू गेली तर आपण दोघं हितं असू काय?"

मी हात सोडला. त्यांनी वायर उपसली आणि वरच्या स्विचचे दिवे एकदम विझले. समोरच्या पडद्यावर कुणाच्या तरी फुप्फुसांचा स्कॅन उघडा होता. त्याचं पुढचं चित्र मी उघडलं, मग त्याच्या पुढचं, असं करत चाळीस चित्रं उघडली. एकही अडलं नाही. अण्णांनी घड्याळ लावून पाच मिनिटं वाट पाहिली, वरची बाजू जागी केली आणि मग खालची झोपवली. तेव्हाही सगळं सुरळीत. तारीख होती सोळा ऑगस्ट. त्या संध्याकाळी मी घरी जाताना गाणं गुणगुणत होते, हे मला अजून आठवतं.

स्विच म्हणजे भिंतीवरचं दिव्याचं बटण नव्हे. ती एक चपटी पेटी असते, समोर वायरी खुपसायला ओळीनं भोकं. आमचे सहा डबे एकेक स्कॅन आपसात वाटून ठेवायचे, म्हणून त्यांना सतत एकमेकांशी बोलावं लागायचं, आणि ते बोलणं या पेटीतून व्हायचं. सहापैकी एक डबा गप्प झाला तर बाकीचे सांभाळून घेत. दोन गप्प झाले की सगळंच थांबणार. म्हणून प्रत्येक डब्याला दोन वायरी, एक वरच्या स्विचला आणि एक खालच्या. दोन्ही स्विच एकमेकांपासून अलग, दोघांची वीजही वेगळ्या ठिकाणाहून आलेली. एक मेला तरी दुसऱ्यातून बोलणं चालू राहावं, एवढाच त्यातला मतलब.

हे दोन स्विच मी भांडून मिळवले होते. सांगली आणि कोल्हापूर यांच्या मधल्या एका ट्रस्टच्या रुग्णालयात मी संगणक विभागात लागले होते, नोकरी अजून कच्ची होती. खरेदी समितीत ट्रस्टी आप्पासाहेब मगदूम म्हणाले की एकच मोठा स्विच घ्या, अर्धी भोकं याला आणि अर्धी त्याला वापरा, दोन कशाला? मी पाऊण तास बोलले. एकाच पेटीचे मनातल्या मनात दोन भाग केले तरी पेटी एकच राहते आणि मरताना अख्खी मरते, हे त्यांना तीन प्रकारे सांगितलं. शेवटी रुग्णालयाचे प्रमुख डॉक्टर हेर्लेकर कंटाळून म्हणाले, द्या हिला दोन. बाहेर पडताना मी आप्पासाहेबांना ऐकवलं की ज्या दिवशी एक बंद पडेल त्या दिवशी तुम्ही माझी आठवण काढाल. माझ्या तोंडाला तेव्हा काही धरबंध नव्हता.

वायरी जोडायला भूपाल चौगुले आले. सगळे त्यांना भूपालअण्णा म्हणत. टेलिफोन खात्यात तीस वर्षं जमिनीखालच्या केबलींचे जोड बांधून ते निवृत्त झाले होते आणि आता अशी कामं घेत. शिरोळहून मोपेडवर यायचे, डबा खाल्ला की दहा मिनिटं डोळे मिटायचे आणि मग पाचपर्यंत मान वर करायचे नाहीत. वायरी बांधायला प्लॅस्टिकच्या पट्ट्या त्यांना चालत नसत. पिशवीतून मेण लावलेल्या दोऱ्याचं रीळ काढून ते एकेक वायर बांधत. वरच्या स्विचच्या वायरी कपाटाच्या डावीकडून आणल्या, खालच्याच्या उजवीकडून. सगळ्या वायरी एकाच राखी रंगाच्या होत्या, म्हणून प्रत्येक टोकाशी गाठ मारली: वरच्याची एकेरी, खालच्याची दुहेरी. खड्ड्यात हात घातला की काही दिसत नसतं, बोटांना कळायला हवं, असं त्यांचं म्हणणं.

काम झाल्यावर त्यांनी एक चिठ्ठी लिहिली. बॉलपेननं, ठसठशीत अक्षरात: जोड बंद, तारीख, दोन्ही बाजू झोपवून पाहिल्या, भूपाल जि. चौगुले. प्लॅस्टिकच्या पाकिटात घालून ती त्यांनी कपाटाच्या आत, मागच्या बाजूला दोऱ्यानं टांगली. मी हसले. अण्णांनी समजावलं की खात्यात असंच करायचे. जोड पुरायच्या आधी आत आपल्या नावाची चिठ्ठी ठेवायची. दहा वर्षांनी कुणी खणलं तर त्याला कळावं की हे कुणी केलं. आणि ज्यानं जोड उघडला त्यानं नवी चिठ्ठी लिहायची, त्यात आपलं नाव घालायचं. दुसऱ्याच्या नावाखाली आपलं काम ठेवायचं नाही.

"पुन्हा हात लावायची पाळी आलीच तर मला फोन करा," ते म्हणाले. "न्हाई जमलं तर चिठ्ठी तेवढी बदला."

मी मान हलवली.

उद्घाटन अठराला होतं. सतराला दुपारी अण्णा कुंभोजला पूजेसाठी गेले आणि तीन वाजता डॉक्टर हेर्लेकर कपाट बघायला आले. काचेतून त्यांना डावीउजवीकडून आलेल्या वायरी आणि त्यांच्यावरचे तपकिरी दोरे दिसले. त्यांचा चेहरा उतरला. हे कडब्याच्या पेंढ्या बांधल्यासारखं काय दिसतंय, असं त्यांनी विचारलं. पाहुणे येणार, फोटो निघणार, कुठल्याशा मासिकात त्यांनी बघितलं होतं तसं सगळं एका बाजूनं, सरळ, विंचरल्यासारखं हवं होतं. दोन तासांत होईल का? होईल, म्हणाले मी. नाही म्हणायची माझी प्राज्ञा नव्हती असं नाही. समितीत पाऊण तास भांडणारी मीच. पण त्या दिवशी मला वाहवा हवी होती.

अण्णांना फोन करावा असं वाटलं. मग वाटलं, ते नको म्हणतील. म्हणून केला नाही.

यंत्र दोन तासांसाठी बंद केलं, मागचा पत्रा काढला, चिठ्ठी बाजूला सारली आणि कात्रीनं दोरे कापले. मेणाच्या दोऱ्याचे तुकडे कपाटाच्या तळाशी पडत गेले. एकेक वायर काढायची, डावीकडून न्यायची, परत तिच्याच भोकात बसवायची, असं चाललं होतं. चार डबे झाले. पाचव्याच्या आणि सहाव्याच्या मिळून चार वायरी सोडवून हातात घेतल्या होत्या, तेवढ्यात मंडपातून निरोप आला की खुर्च्या कशा मांडायच्या ते बघायला या. वीस मिनिटांनी परत आले तर चार राखी वायरी लोंबत होत्या. कुठली वरची, कुठली खालची, हे सांगणाऱ्या गाठी मीच कापून टाकल्या होत्या. लांबीवरून अंदाज बांधला आणि बसवल्या. काळ्या पट्ट्या आवळल्या. यंत्र चालू केलं. सगळीकडे हिरवे दिवे लागले.

एक बाजू झोपवून बघायला हवी, हे मला आठवलं. खोटं सांगत नाही, वायरीपर्यंत हातही गेला. पण दिवे हिरवे होते, सहा वाजत आले होते, आणि मला भीती वाटली की एखादा विझेल. विझला असता तर रात्र तिथंच गेली असती, उद्घाटनाचा बोऱ्या वाजला असता. मी हात मागे घेतला. मागचा पत्रा लावून स्क्रू पिळले. चिठ्ठी होती तशीच आत राहिली, सोळा तारखेची, अण्णांच्या नावाची.

फोटो छान आले. पुढचे काही दिवस संगणकावर एक पिवळी ओळ येत होती: पाच आणि सहा क्रमांकांच्या डब्यांचा दुसरा रस्ता सापडत नाही. नवं यंत्र अशा पन्नास ओळी रोज दाखवत होतं. सवडीनं बघू, असं मी ठरवलं.

सात सप्टेंबरला, मंगळवारी, सकाळी दहाला वरचा स्विच मेला. त्यात विशेष काही नव्हतं, पेट्या मरतातच. आणि मरेल तेव्हा कुणाला पत्ताही लागू नये म्हणून तर मी दोन मागितल्या होत्या. पण लांबीच्या अंदाजानं पाचव्या आणि सहाव्या डब्याच्या चारही वायरी मी वरच्याच स्विचमध्ये बसवल्या होत्या. दोन डबे एकदम गप्प झाले आणि रुग्णालयातले सगळे स्कॅन बंद झाले. त्या दिवशी अकरा शस्त्रक्रिया होत्या. डॉक्टर फोनवर फोन करत होते आणि मला काय झालंय तेच कळत नव्हतं, कारण मनातून मला पक्कं कळलं होतं आणि ते मी मान्य करत नव्हते.

जिन्यात आटपाडीकडच्या एक बाई बसल्या होत्या, बायजाबाई. आदल्या रात्रीपासून पोटात पाणी नव्हतं. दुपारी त्यांना सांगितलं की आज होणार नाही, नऊ दिवसांनी या. त्या पिशवीतून भाकरी काढून तिथंच खायला लागल्या. पुढे त्यांचं सगळं व्यवस्थित झालं, मी नंतर मुद्दाम चौकशी केली होती. पण त्या दिवशी मला त्यांच्यासमोरून तीन वेळा जावं लागलं.

तीन वाजता पुण्याहून यंत्राच्या कंपनीचा इंजिनिअर आला. त्यानं मागचा पत्रा काढला, वायरींवरून बोट फिरवत गेला, पाच मिनिटांत चूक सापडली. दोन वायरी खाली आणून बसवल्या आणि चारला सगळं चालू झालं. चिठ्ठीही त्यालाच दिसली. ती त्यानं डॉक्टर हेर्लेकरांच्या टेबलावर नेऊन ठेवली.

नऊ तारखेला अकरा वाजता आम्हाला बोलावलं. टेबलापलीकडे हेर्लेकर आणि आप्पासाहेब, अलीकडे मी आणि अण्णा. अण्णा इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. चिठ्ठी मधोमध ठेवलेली होती.

आप्पासाहेबांनी ती मोठ्यानं वाचली. दोन्ही बाजू झोपवून पाहिल्या, असं यात लिहिलंय. झोपवून पाहिल्या असत्या तर दोन डब्यांच्या वायरी चुकीच्या आहेत हे तेव्हाच कळलं असतं की नाही, असं त्यांनी विचारलं. अण्णा म्हणाले, कळलं असतं. म्हणजे तुम्ही न बघता लिहिलंत, आप्पासाहेब म्हणाले. ही खोटी नोंद आहे.

तीस वर्षं जमिनीखाली नाव पुरत आलेला माणूस. खोटी हा शब्द ऐकल्यावर त्यांनी चिठ्ठीकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे. कपाटाजवळून ते आधीच जाऊन आले होते. काळ्या पट्ट्या बघितल्या होत्या, तळाशी पडलेले दोऱ्याचे तुकडेही. त्यांना सगळं माहीत होतं. ते बोलतील अशी मी वाट पाहिली. बोलले असते तर मी कबूल केलं असतं, असं मी पुढे कित्येक वर्षं स्वतःला सांगत आले.

हेर्लेकरांनी मला विचारलं, "पोंक्षे, यांच्यानंतर कुणी हात लावला होता का?"

त्यांनी स्वतःच मला वायरी बदलायला सांगितल्या होत्या. ते विसरले होते, की विसरल्यासारखं करत होते, हे मला आजही सांगता येणार नाही. त्यांची नजर माझ्यावर होती आणि नोकरी कायम व्हायला दोन महिने उरले होते.

"माझ्या माहितीत नाही, सर," मी म्हणाले.

अण्णांना विचारलं, तुमचं काय म्हणणं? त्यांनी चिठ्ठी स्वतःकडे ओढली. मग म्हणाले, "चिठ्ठीवर नाव माझं हाय. ती बदलल्याली न्हाई. म्हंजे जोड माझाच."

मला वाटलं त्यांनी मला सोडवलं. त्यांचं बोलणं ते नव्हतंच, हे समजायला मला अकरा वर्षं लागली.

निर्णय असा झाला की आजच्या आज त्यांनी वायरी नीट करून द्याव्यात आणि पुन्हा रुग्णालयाचं काम घेऊ नये. अहवालात 'खोटी नोंद' हे शब्द आले. शेजारच्या कॉलेजचं काम त्यांना मिळणार होतं, तिथं हे दोन शब्द आठवड्यात पोचले.

त्या दुपारी त्यांनी माझ्या पट्ट्या एकेक करून काढल्या. नवा स्विच आला होता, तो बसवला. दोरा काढला, गाठी मारल्या, डावीकडच्या डावीकडे आणि उजवीकडच्या उजवीकडे. दोन्ही बाजू झोपवून दाखवल्या. मी शेजारी उभी होते. अण्णा, चहा घेणार का, एवढंच माझ्या तोंडून निघालं. नको म्हणाले. मी कपाटाच्या पुढच्या बाजूला असताना त्यांनी मागे काहीतरी लिहिलं, पत्रा लावला आणि पिशवी उचलली.

दारात थांबून म्हणाले, "मॅडम, सवडीनं मागचा पत्रा एकदा काढून बघा."

मी हो म्हणाले.

मी तो पत्रा कधी काढला नाही. मला वाटलं, मी कापलेले दोरे त्यांनी आत ठेवले असतील. तुझं कृत्य मला ठाऊक आहे, हे मला दाखवायला. ते बघायची हिंमत नव्हती. आणि काढायची गरजही पडली नाही. डिस्क बदलायच्या त्या पुढून, स्विचही पुढच्या बाजूलाच. चौथ्या वर्षी खालचा स्विच मेला तेव्हा रुग्णालयात कुणाला समजलंसुद्धा नाही, स्कॅन उघडत राहिले. दुहेरी गाठी बोटांनी चाचपत मी अर्ध्या तासात नवा जोडला. पुढच्या सभेत आप्पासाहेबांनी माझ्या हट्टाची गोष्ट रंगवून सांगितली, शाल दिली. मी ती घेतली आणि विभागप्रमुखही झाले. दोन स्विचसाठी भांडलेली बाई, अशी माझी ओळख झाली. ते कपाट माझ्या खुर्चीपासून दहा पावलांवर होतं. दर दिवाळीत वाटायचं, शिरोळला जाऊन यावं. दर दिवाळीत काहीतरी निघायचं. मग एकदा कॅन्टीनमध्ये कुणीतरी सांगितलं की ते वायरिंगवाले चौगुले गेले. मी चहा संपवला आणि कामाला लागले. रडू रात्री आलं, तेव्हा नवरा झोपलेला होता, त्यामुळे कुणाला काही सांगावं लागलं नाही.

त्यानंतर दोन वर्षांनी, म्हणजे गेल्या महिन्यात, नवी यंत्रणा आली. जुनं कपाट भंगारात जायचं होतं. ते मोकळं करायला माझ्या विभागातली तबस्सुम मुल्ला आणि मी बसलो होतो. तबस्सुम हुशार आहे, बोलायला फटकळ आहे, मला ती आवडते. तिनं मागचे स्क्रू काढले, पत्रा भिंतीला टेकवला आणि आत वाकली.

"मॅडम, इथं काहीतरी टांगलंय. चिठ्ठी आहे." तिनं पाकिटातून कागद काढला आणि वाचला. मग म्हणाली, "यात एक नाव लिहायचं राहिलंय."

मी कागद हातात घेतला. टेबलावर ठेवला होता तो हा नव्हता, नव्यानं लिहिलेला होता. ठसठशीत अक्षर, तीन ओळी.

जोड बंद, १६ ऑगस्ट. दोन्ही बाजू झोपवून पाहिल्या. भूपाल जि. चौगुले.

जोड उघडला, १७ ऑगस्ट. आणि पुढे नुसती टिंबं, एक नाव मावेल एवढी.

जोड बंद, ९ सप्टेंबर. दोन्ही बाजू झोपवून पाहिल्या. भूपाल जि. चौगुले.

दोरे नव्हते, टोमणा नव्हता. तळ स्वच्छ झाडलेला होता. मी जे केलं त्याची तारीख त्यांनी उद्घाटनावरून ताडून लिहिली होती आणि नाव लिहायची जागा माझ्यासाठी सोडली होती. त्यांच्या शास्त्राप्रमाणे ते नाव त्यांनी लिहायचं नव्हतं, उघडणाऱ्यानं लिहायचं होतं. सवडीनं लिहा, एवढंच ते दारात सांगून गेले होते. त्यानंतर ते नऊ वर्षं जिवंत होते. त्यातल्या कुठल्याही दिवशी मी चार स्क्रू काढून, नाव लिहून, तो कागद हेर्लेकरांच्या टेबलावर ठेवू शकले असते. ती जागा रोज माझ्यापासून दहा पावलांवर कोरी होती.

तबस्सुमनं विचारलं, कोण होतं मॅडम? मी म्हणाले, मी. मग तिला सगळं सांगितलं. त्या फटकळ मुलीनं फक्त पेन पुढे केलं. मी नाव लिहिलं. अक्षर वाकडं आलं.

अहवाल दुरुस्त करायचा अर्ज मी दुसऱ्या दिवशी दिला. हेर्लेकर निवृत्त झालेत, आप्पासाहेब थकलेत. नव्या प्रमुखांनी वाचून विचारलं की आता याचा कुणाला काय उपयोग?  मी म्हणाले, नुसता ठेवून घ्या, आणि त्यांनी ठेवून घेतला.

रविवारी मी चिठ्ठी घेऊन शिरोळला गेले. घर विचारत विचारत सापडलं. अण्णांच्या पत्नी, अक्काताई, सोप्यात शेंगा निवडत बसल्या होत्या. रुग्णालयातून आले म्हटल्यावर त्यांनी सुपाकडची नजर वर केली आणि बसा म्हणाल्या. पाणी दिलं. त्यांच्या बोलण्यातून कळलं की त्या साली घरी आल्यावर अण्णांनी हत्यारांची पिशवी माळ्यावर टाकली आणि नंतर कधी काढली नाही. लोक बोलवायला यायचे, ते म्हणायचे, डोळं गेलं आता. डोळे शेवटपर्यंत चांगले होते.

मी पाकीट पुढे केलं. त्यांनी ते उलटसुलट करून बघितलं.

"ह्यो त्यो कागद व्हय," त्या म्हणाल्या. "एक चिठ्ठी अर्धी ऱ्हायलीया, असं म्हनायचे. कुनाचं नाव ऱ्हायलंय म्हून इचारलं तर सांगायचे न्हाईत. त्ये माझं लिवायचं न्हवं, म्हनायचे. तुमी लिवून आनलासा काय?"

मी मान हलवली.

त्यांनी कागद परत माझ्या हातात दिला. "मला वाचाय येत न्हाई, बाई. तुमीच वाचा."

मी पहिली ओळ वाचली. मग दुसरी वाचायला घेतली. जोड उघडला, सतरा ऑगस्ट, इथपर्यंत आवाज नीट होता. अक्काताई हातातली शेंग तशीच धरून माझ्या तोंडाकडे बघत होत्या. अकरा वर्षांपूर्वी टेबलापलीकडून मला विचारलं होतं तेव्हाही अण्णा असेच माझ्याकडे बघत होते.

"नीलांबरी पोंक्षे," मी वाचलं.

"ह्या कोन?" अक्काताईंनी विचारलं.